माळ्यावरचं दव

ओमानमध्ये आम्ही थंडीने कुडकुडलो असं सांगितलं, की नागपूरच्या नातेवाइकांना अजूनही ती थट्टाच वाटते. वाळवंट, ऊन आणि एसी, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. त्यांना तरी काय म्हणायचं, मलाही तसंच वाटायचं. मस्कतजवळ अल हैलमध्ये आमचा फ्लॅट होता. समुद्र चालत जाण्याएवढा जवळ, आणि ऐन डिसेंबरात दुपारी पंखा लावावा लागे. मग माझ्या नवऱ्याची बदली जबल अल अख्दरवर झाली, पाण्याच्या टाक्या आणि पाइपलाइनच्या कामावर. ही २०१५च्या आसपासची गोष्ट. समुद्रापासून काही तासांवरच्या त्या डोंगरावर हिवाळ्यात पहाटे नळातलं पाणी गोठतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

पहिला हिवाळा तो वर एकटाच राहिला. मी खाली भारतीय शाळेत विज्ञान शिकवत होते. आठवड्याच्या सुट्टीला तो यायचा. फोनवर मी विचारायची, "थंडी आहे का रे वर?" तो म्हणायचा, "आहे थोडी." मी जास्त खोदून विचारत नसे, कारण मलाही त्याला बरंच काही सांगायचं नसे. मला दिवस गेले होते. त्याआधी दोन वेळा राहिले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. त्यामुळे काळजी वाटेल असं काही एकमेकांना सांगायचं नाही, असा आमच्यात न बोलता करार झाला होता.

मुलगी झाली ती वेळेआधीच. दोन तळहातांवर मावेल एवढी. काही आठवडे ती दवाखान्यातल्या काचेच्या उबदार पेटीत होती आणि मी पेटीला कपाळ टेकवून बसायची. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऊब, दूध आणि स्वच्छ हवा. एवढं सांभाळा, बाकी ती स्वतः करेल." आई नागपूरहून आली, व्हिसा होता तोवर राहिली आणि रडत परत गेली. मग अल हैलच्या फ्लॅटमध्ये मी आणि ती, दोघीच.

नवरा आठवड्यातून एकदा यायचा. ती नुकती नजर स्थिर करायला लागली होती, आवाजाच्या दिशेने वळायची. पण याने उचललं की भोकाड पसरायची. एका शुक्रवारी असाच तो तिला घेऊन उभा होता, ती रडून लाल झाली होती, आणि तो अगदी हळू म्हणाला, "मला पाहुणा समजते ती." चेहऱ्यावर हसू होतं, पण मी त्याला ओळखून होते. त्याच संध्याकाळी मी म्हटलं, "आम्ही दोघी वर येतो राहायला."

"वेडी आहेस का? तिला थंडी सोसेल?"

"मग घर गरम करू."

घर बघायला मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा ऑक्टोबर चालू होता. डोंगराच्या पायथ्याशी पोलीस चौकी होती. फोर-व्हीलची गाडी असल्याशिवाय तिथून पुढे सोडत नसत. वर पोचल्यावर गाडीचं दार उघडलं आणि हवेचा वासच बदललेला. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी तयार भिंतींची छोटी घरं एका ओळीत उभी केली होती. वर उतरतं पत्र्याचं छप्पर, खाली पांढऱ्या बोर्डाचं सपाट सिलिंग, आणि दोन्हींच्या मधे माणूस रांगत जाईल एवढी पोकळी. आम्ही तिला माळा म्हणायचो. वर जायला बोळात एक चौकोनी झाकण होतं.

नवऱ्याच्या खोलीत मला उशीखाली लोकरीची कानटोपी सापडली. पलंगाच्या कडेला जॅकेट, त्यावर दोन जाड ब्लँकेटं, खिडकीच्या फटींना सगळीकडून चिकटपट्टी.

"तू टोपी घालून झोपायचास?"

"कान गार पडायचे ना," तो म्हणाला, जशी काही ती रोजचीच गोष्ट आहे.

'आहे थोडी' म्हणजे किती, ते मला त्या दिवशी कळलं. मी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि मग बराच वेळ त्याचा हात धरून उभी राहिले.

ओमानमध्ये ऊन अडवायला लागणारं सगळं सामान मिळतं, आणि तेच सामान थंडीलाही चालतं. नवऱ्याने मस्कतहून काचेच्या लोकरीची, म्हणजे ग्लासवूलची, भेंडोळी आणली. साइटवरच्या सुताराला मदतीला घेऊन माळ्यावर, सिलिंगच्या बोर्डावर, तिचा एक थर अंथरला. माळ्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींत हवा खेळायला जाळ्या ठेवल्या होत्या. वारा तिथून शिट्टी वाजवत आत यायचा. त्याने दोन्ही जाळ्या थर्माकोल ठोकून आणि चंदेरी टेप लावून बंद करून टाकल्या. खाली उतरून हात झटकत म्हणाला, "आता वाऱ्याची आत यायची टाप नाही."

नोव्हेंबरच्या शेवटी मी रजा वाढवून, बाळाला घेऊन वर राहायला आले. पहिले काही दिवस खरंच सुखाचे गेले. तेलाचा इलेक्ट्रिक हीटर लावला की खोली छान तापायची. बाहेर डाळिंबाच्या बागा पानं झडून उघड्या पडल्या होत्या, डोंगर कापून केलेल्या पायऱ्यांच्या शेतांतून फलजचं, म्हणजे दगडी पाटाचं, पाणी वाहत होतं. रस्त्याच्या वरच्या अंगाला एका ओमानी कुटुंबाचं घर होतं. त्या घरातली मोठी बाई दुसऱ्याच दिवशी गवतात राखून ठेवलेली डाळिंबं घेऊन आली. माझं अरबी आणि तिचं हिंदी, दोन्ही मिळून एक वाक्य पुरं होत नव्हतं. पण तिने बाळाकडे बघून "माशाल्ला" म्हटलं, ब्लँकेटची कड बाळाच्या पायांखाली घट्ट खोचली, आणि आम्हाला एकमेकींचं कळलं.

मग एका सकाळी बाळाच्या दुलईवर थेंब पडला.

मला वाटलं दुधाचा असेल. पुसेपर्यंत दुसरा पडला. वर पाहिलं तर सिलिंगच्या बोर्डावर चहाच्या रंगाचा डाग उमटलेला. पाऊस तर पडलाच नव्हता, आभाळ निळंशार होतं. आम्ही पाळणा दुसऱ्या भिंतीला हलवला. दोन दिवसांनी तिथेही डाग आला. खोलीला ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला, कपाटाच्या मागे काळी बुरशी धरली, आणि बाळ खोकायला लागलं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, "छाती साफ आहे, घाबरू नका. पण ओल्या खोलीत ठेवू नका हिला." घरी आल्यावर मी सूटकेस काढली आणि कपडे भरायला लागले. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्याने अडवलं असतं तर मी भांडले असते. त्याने अडवलं नाही, म्हणून मी अर्ध्यातच थांबले.

"पाऊस नाही, तर पाणी येतंय कुठून?" मी विचारलं.

"पत्र्याला भोक असेल."

"भोक असेल तर पाऊस लागेल ना त्यातून पडायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीणबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. नवरा साइटवर गेला होता. मी शिडी लावली, टॉर्च घेतला आणि झाकण सरकवून डोकं माळ्यावर काढलं.

ते दृश्य मी विसरणार नाही. पत्र्याच्या आतल्या अंगाला सगळीकडे थेंब लटकत होते, पहाटेच्या गवतावर असावेत तसे. छपराच्या प्रत्येक स्क्रूच्या टोकाला बर्फाचा मणी होता. टॉर्चच्या उजेडात सगळा माळा चमचमत होता. खाली ग्लासवूल भिजून चप्पट झालं होतं. आणि एका कोपऱ्यात बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचं तोंड होतं. तो पाइप घराबाहेर गेलाच नव्हता, माळ्यावरच मोकळा सोडला होता. मी नुकतंच बाळाला गरम पाण्याने न्हाऊ घातलं होतं. त्याची वाफ त्या तोंडातून अजून येत होती.

सातवीच्या वर्गात मी दर वर्षी बर्फाच्या पाण्याचा पेला टेबलावर ठेवायची आणि विचारायची, "पेल्याबाहेर पाणी कुठून आलं?" मुलं म्हणायची, "मिस, ग्लास लीक आहे." शिडीवर उभ्या उभ्या मला हसू आलं. आमचं छप्पर गळत नव्हतं. आमच्या आंघोळीची, भाताच्या कुकरची, घरात वाळत घातलेल्या लंगोटांची वाफ आणि आम्हा तिघांचा श्वास वर जाऊन थंड पत्र्याला चिकटत होता. बाहेर पडायच्या दोन्ही वाटा आम्हीच बंद केल्या होत्या. मग तो परत आमच्याच अंगावर पडत होता.

मी खाली उतरून भाईंना फोन लावला.

भाई म्हणजे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावाचे. ओमानच्या किनाऱ्यावरच्या सूर गावात मासळीच्या व्यापाऱ्यांसाठी कोल्ड रूम बांधून द्यायचा त्यांचा धंदा होता. नवऱ्याची आधीची नोकरी सूरला होती तेव्हा आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. पहिल्या वेळी माझे दिवस टिकले नाहीत तेव्हा त्यांची बायको, आमची भाभी, रोज सकाळी तांदळाची पेज घेऊन यायची आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहायची. काही विचारायची नाही, समजूत घालायची नाही, नुसती बसायची.

"काय गो बाय, पोरगी बरी हाय ना?" भाईंनी पहिलं तेच विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते मधेच म्हणाले, "थांब. पत्रा आतून ओला? आतून?"

"हो, आतून."

"म्हंजे तुमचा घर माझा कोल्ड रूमच झाला, पण उलटा. माझ्याकडं आत थंडी, म्हणून घाम भायेरून येतो. तुमच्याकडं थंडी भायेर, म्हणून घाम आतून. मी प्लास्टिक नेहमी गरम अंगाला लावतो. तुमचा गरम अंग खंयचा?"

"खालचं. सिलिंगकडचं."

"मग प्लास्टिक तिथं. बोर्डावर आधी प्लास्टिक, त्याच्यावर लोकर. शुक्रवारी येतो मी."

"भाई, सूरपासून इथपर्यंत? केवढं लांब आहे!"

"खलास, विषय संपला. येतो म्हटला ना."

माळ्यावरची लोकर काढायची म्हणजे बाळाला तिथे ठेवता येणार नव्हतं. ग्लासवूलची कुसं हवेत उडतात, ती श्वासात जाणं वाईट. मी म्हणत होते, आम्ही दोघी अल हैलला जातो. शेजारीणबाईने माझी भरलेली सूटकेस पाहिली, नवऱ्याला अरबीत काही विचारलं, आणि मग ती सूटकेस उचलून सरळ तिच्या घराच्या चढणीला लागली. नवरा मागून धावला. तिने वळून एवढंच म्हटलं, "यल्ला!" म्हणजे, चला.

काम होईपर्यंत आम्ही दोघी तिच्या घरी राहिलो. जाड भिंतींची, गालिचा अंथरलेली बैठकीची खोली तिने आम्हाला दिली. घरातल्या सुना आळीपाळीने बाळाला घेत. मला कॉफी आणि खजूर, दुपारी भात आणि मटणाचा रस्सा, आणि अंगावर तिच्या स्वतःच्या पलंगावरचं ब्लँकेट. मी शुक्रन म्हणून आभार मानले की ती हात झटकायची, माशी उडवावी तशी. तिथे आल्यावर बाळाचा खोकला कमी झाला. खूप दिवसांनी मी डोळा लागल्यावर दचकून उठले नाही.

भाई आले ते पिकअपच्या मागे सामान लादून. प्लास्टिकचे रोल, नवी लोकर, वाकवता येणारे चंदेरी पाइप, बारीक जाळी, टेप. भाभीने बाळासाठी तिळाचं तेल आणि स्वतः विणलेलं कुंची-स्वेटर पाठवलं होतं. भाई बाळाला बघायला वरच्या घरी आले, पण हात मागे बांधून लांबच उभे राहिले. "प्रवासाचे कपडे हायत, नंतर घेईन."

मग ते आणि नवरा हातमोजे, मास्क, डोळ्यांना चष्मे लावून माळ्यावर चढले. मी शिडीच्या पायथ्याशी उभी राहून सामान देत होते. भिजलेली सगळी लोकर पिशव्यांत भरून काढली. बोर्ड दोन दिवस वाळू दिला. दिव्यांच्या वायरी जिथून वर जात तिथल्या फटी बुजवल्या, झाकणाच्या कडेला रबराची पट्टी लावली. प्लास्टिक अंथरून सांधे टेपने बंद केले. त्यावर लोकरीचा एक थर, त्यावर आडवा दुसरा. बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या पंख्यांना पाइप जोडून भिंतीतून थेट बाहेर काढले. इथपर्यंत दोघांचं छान जमलं होतं.

भाईंनी जाळ्यांवरचा थर्माकोल उपटायला घेतला आणि वरून आवाज चढले.

"भाई, हे नका काढू! एवढ्या मेहनतीने गरम केलेलं सगळं बाहेर जाईल."

"अरे बाबा, वाफ खंय जाईल मग?"

"वाफ आता येणारच नाही, प्लास्टिक लावलंय ना."

"थोडी येतंच राहणार. माणसं राहतात घरात, बर्फ नाय ठेवलेला."

नवरा ऐकेना. त्याने त्या माळ्याखाली एक हिवाळा कानटोपी घालून काढला होता. तो वारा त्याच्या हाडांत होता. मी शिडीवर चढून डोकं आत घातलं.

"अरे, तुला माळा गरम ठेवायचाय की पोरगी?" मी विचारलं.

तो थर्माकोलवर हात ठेवून माझ्याकडे वळला.

"माळा थंड असू दे. बाहेर जेवढी थंडी तेवढीच तिथे असू दे. वारा इकडून येईल, तिकडून जाईल, पत्रा कोरडा राहील. आपली ऊब लोकरीच्या खाली आहे. ती तिथेच राहील."

त्याने मास्क खाली ओढला. चेहरा घामाने आणि धुळीने माखला होता. "आणि नाही राहिली तर?"

"तर मी टोपी घालून झोपेन."

भाई मोठ्याने हसले. मग नवऱ्याने स्वतःच्या हाताने थर्माकोल काढला. किडे आणि पाखरं येऊ नयेत म्हणून भाईंनी आतून बारीक जाळी ठोकली, आणि छपराच्या कडेला लोकर पत्र्याला टेकणार नाही अशी मागे सारली, वाऱ्याला वाट राहावी म्हणून. खाली उतरले तेव्हा दोघांनाही मान, मनगटं सगळीकडे खाज सुटली होती. गरम पाणी चालत नाही, त्याने जास्त चुणचुणतं, म्हणून दोघांनी गार पाण्याने आंघोळ केली. त्या थंडीत ती आंघोळ करताना भाईंच्या तोंडून जे रत्नागिरीचे शब्द निघाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

निघायच्या आधी त्यांनी धुतलेले कपडे घातले आणि बाळाला घेतलं. ती रडली नाही. त्यांच्या दाढीला हात लावून बघत राहिली. भाईंचे डोळे भरून आले. भाभीसोबत त्यांनीही आमचे ते दिवस पाहिले होते.

जानेवारीत खरी परीक्षा झाली. एका सकाळी उठले तर बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची कवची, फलजच्या कडेचं गवत पांढरं. घरात हीटर अगदी हळू चालू होता आणि बाळ एका स्वेटरमध्ये, पाय उघडे टाकून झोपलं होतं. खोलीला कसलाच वास नव्हता. मी शिडी लावून वर डोकावले. माळ्यावर थंडी नाकाला झोंबली, वारा इकडून तिकडे जात होता, आणि पत्रा कोरडा होता. मी त्याला हात लावून पाहिला, बोटं कोरडीच राहिली. खाली नवरा वाट बघत उभा होता. मी हात त्याच्या गालाला लावला. "कोरडा आहे?" त्याने विचारलं. मी होकाराची मान हलवली आणि तो तिथेच बोळात भिंतीला टेकून खाली बसला.

त्या दुपारी शेजारीणबाई आली. आत येऊन बसली आणि थोड्या वेळाने तिने अंगावरची जाड शाल काढून बाजूला ठेवली. मला वाटतं त्या घराला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती होती.

पुढच्या आठवड्यात मी बाळाला उन्हात घेऊन फिरत होते. कामगारांच्या लांबट केबिनच्या कुंपणावर ओळीने ब्लँकेटं वाळत घातलेली होती. मी एका कामगाराला सहज म्हटलं, "आज सबने धोया?" तो म्हणाला, "धोया नहीं मॅडम, रात को ऊपर से पानी टपकता है." आमच्यासारखंच छप्पर, आमच्यासारखाच माळा, आणि एका केबिनमध्ये श्वास घेणारी कितीतरी माणसं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. हात धुऊन तडक बाहेर पडला आणि केबिनच्या माळ्यावर चढून बघून आला.

कंपनीला पटवायला थोडा वेळ लागला. मस्कतच्या ऑफिसात कुणालाच विश्वास बसेना की ओमानमध्ये हिवाळ्यासाठी सामान लागतं. शेवटी नवऱ्याने केबिनच्या माळ्यावरच्या बर्फाच्या मण्यांचे फोटो पाठवले. सामान आलं. भाईंनी फोनवर सगळं पुन्हा समजावून दिलं, आणि कामगारांनी सुट्टीच्या दिवशी आपल्या केबिनचं काम स्वतःच केलं. काम संपल्यावर त्यांच्या स्वयंपाक्याने आमच्याकडे शिऱ्याचं पातेलं पाठवलं, बदाम घातलेलं. मी त्याला सांगायला गेले की हे आमचं नाही, सूरच्या एका माणसाचं देणं आहे. तो म्हणाला, "तो उनके नाम का भी आप खा लीजिए."

पाइपलाइनचं काम संपलं, आम्ही खाली अल हैलला परतलो. भाई-भाभी धंदा आवरून कोकणात गेले. मुलगी आता शाळेत जाते, मैत्रिणींशी इंग्रजीत बोलते आणि माझ्याशी अडखळत मराठीत. डोंगरावरचं तिला काहीच आठवत नाही. ईदला आम्ही वर जातो, तेव्हा शेजारीणबाई तिला जवळ ओढून तिची उंची स्वतःच्या खांद्याशी मोजते. मुलीला संकोच वाटतो. मागच्या वेळी परतताना गाडीत तिने विचारलं, "मम्मा, ती आजी मला एवढी का पकडते?"

मी सांगायला सुरुवात केली. डोंगर उतरेपर्यंत माझं सांगणं चालू होतं. नवरा गाडी चालवत मधे मधे भर घालत होता, आणि मागच्या सीटवर ती पहिल्यांदाच एकही प्रश्न न विचारता ऐकत होती.